पाणीवाल्या साहेबांची कोरडी नाव

"शनिवारी आपण इथून जाणार. पोहायचं तेवढं आत्ताच पोहून घ्या," लंबू म्हणाला आणि स्वतः मात्र काठावरच बसून राहिला.

चष्मिष आणि तिची धाकटी बहीण दर सुट्टीत मामाकडे यायच्या. धाकटी ताईची पाठ म्हणून सोडत नसे, त्यामुळे तिला सगळे शेपूट म्हणत. लंबू हा मामाचा मुलगा. मामाचं गाव राष्ट्रीय उद्यानाच्या पार आत होतं. पुढे तळं, मागे जंगल आणि मधे अकरा लाकडी घरं. यंदा त्यांतल्या आठ घरांना कुलपं होती. गावामुळे तळं घाण होतंय असं उद्यानाच्या तपासणीत वर्षभर निघत होतं, म्हणून गाव उठवायचा हुकूम आला होता. उरलेल्या तीन घरांनाही या शनिवारपर्यंतच मुदत होती.

मामाच्या घराण्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या नावा बांधत आलेले. आता त्याला शहरात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळणार होती.

"तिसऱ्या मजल्यावर नाव कशी बांधणार?" आल्या आल्या शेपटीनं विचारलं होतं. मामीनं तिला दटावलं नाही. ती नुसती उठून आत गेली.

"पण पाणी तर स्वच्छ आहे," चष्मिष गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली. "माझ्या पायाची बोटं दिसतायत मला."

"तुला चष्म्यातून दिसतायत. कागदावर घाण आहे ना, मग झालं."

एवढ्यात मामानं हाक मारली. उद्यानाच्या विश्रामगृहाचं एक मोडकं वल्हं त्यानं दुरुस्त केलं होतं, ते पोचवायचं होतं. मुलांनी एकट्यानं नाव न्यायची नाही असा मामाचा नियम होता, त्यामुळे जंगलातून तासाभराची वाट. लंबूनं वल्हं खांद्यावर घेतलं. शेपूट वाटभर "अजून किती?" विचारत राहिली आणि लंबू प्रत्येक वेळी "आलंच" म्हणत राहिला.

विश्रामगृहाच्या धक्क्याजवळ पत्र्याखाली एक नाव पालथी पडली होती. नाव दिसली की लंबूचा हात आपोआप फळ्यांवरून फिरायचा, तसा तो फिरला आणि मधेच अडला. दोन फळ्यांच्या सांध्यात त्याचं अख्खं नख आत गेलं होतं.

"ही कोणाची हो काका?" त्यानं चौकीदाराला विचारलं.

"पाणीवाल्या साहेबांची. दर सोमवारी सहा ठिकाणचं पाणी तपासायला आणतात ना, ते हिच्यातूनच. मी तेव्हा पलीकडे फाटकावर असतो."

परतीच्या वाटेवर बरंच पुढे गेल्यावर लंबू थांबला. "लाकडी नाव पाण्यात असली की फळ्या फुगतात आणि सांधे घट्ट बसतात. कोरडी पडली की आकसतात. ती नाव कित्येक महिने पाण्यात गेलेली नाही."

"मग सहा ठिकाणचं पाणी येतं कुठून?" चष्मिष म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. तिघं धक्क्यामागच्या झुडपात दडून बसली. पाणीवाले साहेब आले. त्यांच्या हातात सहा बाटल्यांची पेटी होती. एका हातानं कठडा घट्ट धरून ते शेवटच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सहाही बाटल्या तिथल्या तिथे भरल्या. चार हातांवर विश्रामगृहाच्या स्वयंपाकघराचं सांडपाणी तळ्यात पडत होतं. मग साहेबांनी नीटस अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि चिकटवल्या: बेट, नदीचं मुख, मोठा खडक, गावाचा काठ...

"ते घाबरलेत," शेपूट कुजबुजली.

"तुला कसं कळलं?"

"मी खोल पाण्याला भिते तेव्हा अस्सच धरते."

तिघं धावत घरी आली. मामानं सगळं ऐकून घेतलं, पण हातातली पटाशी खाली ठेवली नाही. "मी तीन वेळा कचेरीत जाऊन आलो. आकड्यांपुढे बोलू नका म्हणाले. आता राहू दे, पोरांनो. मला पुन्हा आशा लावू नका."

चष्मिषला रडूच आलं. मामा चिडला असता तरी चाललं असतं, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी उद्यानाच्या मोठ्या अधिकारी बाई उरलेल्या तीन घरांच्या किल्ल्या घ्यायला निघाल्या, त्या आधी विश्रामगृहावर आल्या. सोबत पाणीवाले साहेबही होते. तिघं धक्क्यावर हजरच होती.

"बाई, गावात जायला जंगलातून तास लागतो," चष्मिष म्हणाली. "नावेतून वीस मिनिटं. साहेबांची नाव आहेच की."

साहेबांचा चेहरा उतरला. "आज वारा आहे, बाई."

"पानही हलत नाहीये," बाई म्हणाल्या. "काढा नाव."

चौकीदारानं आणि माळ्यानं नाव उलटवून पाण्यात लोटली. बाईंनी पाय उचलला, तोच प्रत्येक सांध्यातून पाण्याच्या धारा आत आल्या. बघता बघता नाव गुडघाभर पाण्यात तळाशी जाऊन बसली.

"सोमवारी याच नावेतून गेला होतात?" बाईंनी विचारलं.

लंबूनं फळ्यांचं सांगितलं आणि चष्मिषनं बाटल्यांचं.

"मला पोहता येत नाही," साहेब शेवटी म्हणाले. "नावेत बसलो की छातीत धडधडतं. सांगायची लाज वाटली. म्हटलं, तळं एकच, पाणीही एकच. काय फरक पडणार?"

हुकूम थांबला. बाई स्वतः मामाच्या छोट्या नावेतून फिरल्या आणि सहा ठिकाणचं पाणी घेऊन गेल्या. आठ दिवसांनी त्या गावात परत आल्या. पाच बाटल्या स्वच्छ निघाल्या होत्या. घाण होती ती फक्त धक्क्याची.

"आमच्या अख्ख्या कचेरीला वर्षभर जे दिसलं नाही, ते या तिघांनी पाहिलं," सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या. त्यांनी तिघांशी हात मिळवला, शेपटीशी दोनदा. मामीनं तिघांना जवळ घेतलं.

"आता ती आठ घरं परत येतील ना?" लंबूनं विचारलं.

बाईंनी हातातले कागद उगाच नीट केले. "मी स्वतः सगळ्यांना फोन केले. नाही म्हणाले. एकदा उठवलंत, पुन्हा उठवणार नाही कशावरून, म्हणाले."

"शाब्बास, पोरांनो," मामा म्हणाला. "फक्त तुमची सुट्टी वर्षभर आधी लागायला हवी होती." त्यानं हे हसत हसत म्हटलं, पण दुसरं कोणी हसलं नाही.

अंगणात एक मोठी नवी नाव तयार होऊन पडली होती. ज्या घरासाठी ती बांधली, त्या घरातली माणसं सर्वांत आधी गेली होती. "आता ती पाण्यात तरी घालू," मामा म्हणाला. असली नाव लोटायला बारा मोठी माणसं लागतात. तीन घरांत मिळून सहाच होती. बाईंनी कागद बाजूला ठेवून खांदा लावला. मुलांनी लावला. शेपूट मागून लंबूलाच ढकलत होती.

नाव हातभर सरकली आणि थांबली.

"पुन्हा एकदा," चष्मिष म्हणाली.

मामा नावेला टेकून श्वास घेत उभा होता. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग कुलपं लावलेल्या घरांकडे पाहिलं आणि हात काढून घेतले. "राहू दे. ही बारा जणांची नाव आहे," तो म्हणाला.