हाताला लागलेलं वळण

"उद्या सकाळी अकरा वाजता माझ्या भावाला पलटणीतून काढून टाकणार आहेत," ती म्हणाली आणि मगच खुर्चीवर बसली.

अंगावर शाळेच्या बसचालकाचा निळा डगला होता. मुलांना शाळेत सोडून ती तशीच आली होती. भाऊजींनी खिडकीतून खाली पाहिलं. दोन गाड्यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत तिनं बस इतकी नेमकी बसवली होती, की ही बाई उगाच काही बोलणारी नव्हे असं त्यांना वाटून गेलं.

भाऊजींचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. कागदावरची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. निवृत्त झाल्यावर ते थोरल्या वहिनींच्या कचेरीत टिपणं घ्यायला बसू लागले. वहिनी पंचवीस वर्षं इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. आता तेच नातेवाईक आपापल्या भानगडी घेऊन मागच्या दारानं येतात.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

भाऊ बावीस वर्षांचा. आईवडील लवकर गेले, हिनंच त्याला वाढवला. पलटणीत तिसरं वर्ष, आणि शिस्तीत इतका पक्का की सोबती त्याला 'घड्याळ' म्हणत. चार दिवसांपूर्वी नव्या मेजरनं न सांगता सगळ्यांची कपाटं उघडायला लावली. घड्याळच्या कपाटात चाळीस गोळ्यांचं पुडकं निघालं.

"लघवी तपासली त्याची. स्वच्छ! तर म्हणाले, स्वतः घेत नाही म्हणजे विकत असणार. आता बोला! शुद्ध निघाला तेही त्याच्याच अंगाशी आलं."

"तो काय म्हणतो?"

"'माझ्या नाहीत' एवढंच. त्यापुढं तोंडाला कुलूप. 'ताई, मला काही सांगायचं नाही' म्हणतो. लहानपणी बरणी फुटली तर पळत येऊन सांगणारं पोर हो ते." तिनं डगल्याच्या बाहीनं डोळे पुसले. "काढून टाकलं तर पुढं तुरुंगच. मी काय करू?"

"तू दुपारच्या मुलांना घरी सोड, आणि मग छावणीत ये," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, वही घ्या."

पलटणीच्या नियमाप्रमाणे आरोपीच्या घरच्यांनाही त्याच्या वतीनं एक माणूस नेमता यायचा. बहिणीनं सही केलेला कागद दाखवल्यावर मेजरला दार उघडावंच लागलं.

मेजर तिशीचा असेल. टेबलावर फायलींचा ढीग, डोळ्यांखाली काळं. "बाई, मला आनंद होत नाही याचा. पण शनिवार-रविवार ही पोरं शहरात जातात, काय काय घेतात देव जाणे. एकाला सोडलं तर बाकीचे डोक्यावर बसतील."

त्यानं फोटो पुढं सरकवला. कपाटाच्या तळाशी थंडीतलं ब्लँकेट होतं. चौपदरी घडी, आणि मधल्या पदरात पुडकं.

"उन्हाळ्यात याला हात कोण लावणार? बरोबर जागा निवडली त्यानं," मेजर म्हणाला.

वहिनी फोटोकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. "गोळ्या कसल्या?"

"वेदनाशामक, मोठ्या ऑपरेशननंतर देतात त्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत."

"कपाटाची दुसरी किल्ली?"

"भांडारात, फळीवर. आमचे वस्ताद दाखवतील तुम्हाला सगळं."

वस्ताद आत आले. पन्नाशीचे, ताठ. पलटणीतल्या प्रत्येक पोराला कवायत त्यांनी शिकवलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण त्यांनी स्वेटर चढवला होता. "माफ करा, सर्दी झालीय," ते नाक पुसत म्हणाले आणि तोंडावर हात ठेवून त्यांनी जांभई दाबली. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही."

"तो त्यांचा लाडका शिष्य होता," मेजर हळू आवाजात म्हणाला. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी या माणसानं पलटण सोडली नाही. आणि नशिबी हे बघणं आलं."

भाऊजींना फार वाईट वाटलं. त्यांनी वहीत लिहिलं: 'वस्ताद. पोराच्या काळजीनं खंगलेले.'

बराकीकडे जाताना वाटेत करमणुकीचा मोठा हॉल लागला. कॅरमवर धूळ होती आणि खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या.

"इथं कुणी बसत नाही?" वहिनींनी विचारलं.

"पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची," वस्ताद म्हणाले. "प्यायचो, भांडायचो, एकमेकांची उणीदुणी काढायचो. पण कोणाला घरची चिठ्ठी आली नाही, कोण कण्हतोय, ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आता जेवण झालं की जो तो आपल्या खाटेवर, कानात ते गाणी ऐकायचं बोंडूक घालून. शेजारचा मेला तरी सकाळच्या हजेरीला कळेल." ते जिन्याच्या पायथ्याशी थांबले. "तुम्ही वर जाऊन या. मी इथं उभा राहतो."

वर बारा खाटा आणि बारा कपाटं होती. घड्याळच्या शेजारच्या खाटेवर एक पोरगा पडला होता. खोलीतही काळा चष्मा लावायचा म्हणून त्याला सगळे 'गॉगल' म्हणत. बाई आलेली बघून तो धडपडत उठला.

"कपाट उघडून दाखवतोस?"

त्यानं उघडलं. तळाशी थंडीचं ब्लँकेट, तीन पदरांची घट्ट घडी. वहिनींनी आणखी चार कपाटं उघडायला लावली. सगळीकडे तसंच, पट्टीनं आखल्यासारखं.

"घड्याळशी तुझं कधी भांडण झालं होतं?"

"झालं होतं." गॉगल ओशाळला. "मी शनिवारी पार्टीला जातो. तिथं कधीतरी घेतो पण. तो म्हणाला, सोड, नाहीतर वरती सांगीन. मी म्हटलं, तू कोण मोठा लागून गेलास? पण बाई, मी त्याला अडकवेन का? आणि त्या गोळ्या! आजीच्या गुडघ्याच्या गोळ्या त्या. घेतल्या की माणूस पेंगतो. पार्टीला काय झोपायला जातात?"

भाऊजींना हसू आलं. वहिनींना आलं नाही.

"वर तपासणीला कोण येतं?"

"वस्ताद. दिवसातून दोनदा, नेमानं. चुकून एक बूट वाकडा असला तरी कान उपटायचे. हे प्रकरण झाल्यापासून मात्र वर फिरकलेले नाहीत. मन उडालं असणार त्यांचं."

भांडारात पोचले तर भांडारी शेंगदाणे खात होता. पोट सुटलेला, आवाज घणघणीत, नोकरी वीस वर्षांची. किल्ल्यांची फळी त्याच्या पाठीमागे होती.

"मला विचारल्याशिवाय इथली किल्ली हलत नाही," तो म्हणाला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. तो उठून गेला आणि फळीपाशी वहिनी आणि भाऊजी दोघंच उरले. वहिनींनी एक किल्ली काढली, पुन्हा लावली. परत आल्यावर भांडाऱ्याला काही कळलंही नाही.

"तुमचा त्या पोरावर राग होता?"

"असणारच! फाटके बूट दिले म्हणून लेखी तक्रार केली त्यानं माझी." बोलता बोलता तो धुऊन आलेलं ब्लँकेट घडी करत होता. झटक्यात चौपदरी घडी झाली. त्यानं ती पाहिली, स्वतःलाच एक शिवी हासडली, ब्लँकेट उलगडलं आणि पुन्हा तीन पदरी केलं. "नवी कपाटं अरुंद आली तेव्हा हुकूम बदलला. तीन वर्षं होत आली, पण हात ऐकत नाहीत मेले. आम्हा जुन्यांचं असंच."

"जुने किती राहिलेत?"

"या कंपनीत? मी आणि वस्ताद. बाकी सगळी कालची पोरं." त्यानं आणखी मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले. "झोप छान लागते, भूक छान लागते, आपली काही तक्रार नाही."

शेवटी पहाऱ्याची कोठडी. घड्याळ खाटेवर ताठ बसला होता. बाजूला जेवणाचं ताट, चाटूनपुसून स्वच्छ.

"दोन माणसांचं जेवतो," पहारेकरी कुजबुजला, "आणि रात्री घोरतो. गुन्हेगाराला अशी झोप लागते होय?"

वहिनींनी पोराची नाडी पाहिली, डोळे पाहिले. "कोणी ठेवलं ते पुडकं?"

"मला काही सांगायचं नाही."

"उद्या घालवून देतील तुला."

"माहीत आहे." त्यानं दाराकडे पाहिलं. "वस्ताद बरे आहेत ना?"

"त्यांना काय झालंय?"

"सहज विचारलं," पोर म्हणालं आणि त्यानं मान खाली घातली.

बाहेर आल्यावर भाऊजी ठामपणे म्हणाले, "वहिनी, भांडारी! किल्ली त्याच्याकडे, राग त्याचा, आणि घडीही चौपदरी. मी पाहिली."

"पाहिलीत हे चांगलं केलंत," वहिनी म्हणाल्या. "निम्मं काम झालं तुमचं. आता मेजरसाहेबांना सांगा, सगळ्यांना बोलवा. पोराला आणि त्याच्या ताईलाही."

संध्याकाळी पाचला मेजरच्या खोलीत सगळे जमले. बहीण भावाशेजारी उभी राहिली. वस्ताद दाराजवळ, स्वेटरमध्ये, कपाळावर घाम.

"मी सोपं बोलते," वहिनींनी सुरुवात केली. "या गोळ्या झिंगण्याच्या नव्हेत, दुखणं मारण्याच्या आहेत. पार्टीतल्या पोरांना त्यांचा उपयोग नाही. म्हणजे विकायला ठेवल्या म्हणावं, तर गिऱ्हाईक कुठं आहे? त्या कुणीतरी स्वतःसाठी लपवल्या होत्या."

"दुसऱ्याच्या कपाटात?" मेजर म्हणाला.

"सगळ्यात शिस्तीच्या पोराच्या कपाटात. तुम्ही येईपर्यंत त्याचं कपाट कुणी कशाला उघडेल? आता हा फोटो बघा. पुडकं ठेवणाऱ्यानं ब्लँकेट उलगडलं, मधे पुडकं ठेवलं आणि न बघता पुन्हा घडी घातली. चार पदरी. वरच्या बराकीत सगळ्या घड्या तीन पदरी आहेत. या पोरांच्या हातांना चार पदर ठाऊकच नाहीत. मी पंचवीस वर्षं पोरींना चादरी घालायला शिकवलं. हाताला एकदा वळण लागलं की म्हातारपणापर्यंत जात नाही."

"बाई!" भांडारी ओरडला. "मी नाही हां!"

"तुम्ही नाही. तुमच्या फळीवरून किल्ली मीसुद्धा काढली, तुम्हाला पत्ता लागला नाही. पण तुम्ही शेंगदाणे खाता आणि झोपता." वहिनींचा आवाज उतरला. "या गोळ्यांची सवय जडलेल्या माणसाच्या गोळ्या अचानक बंद झाल्या की तो आजारी पडतो. नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, झोप उडते, भर उन्हात थंडी वाजते आणि घाम येतो. पुडकं जप्त झालं चार दिवसांपूर्वी. हा पोरगा दोन माणसांचं जेवतो आणि घोरतो. मग चार दिवसांपासून आजारी कोण आहे? रोज दोनदा जिना चढणारं कोण आता पायथ्याशी थांबतं?"

भाऊजींनी वहीतली दुपारची ओळ वाचली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

वस्तादांनी नाक पुसलं. "गुडघा बरा झालाच नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, मी बाहेरून आणायला लागलो. घरी बायको खिसे तपासते. गोळीशिवाय मैदानावर उभं राहता येईना. लंगडा वस्ताद कोण ठेवतं? वाटलं, या पोराच्या कपाटाला कोण हात लावणार." ते अडखळले. "त्या दिवशीच बोलायला हवं होतं. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या सांगू, उद्या सांगू."

"आणि एवढ्या मोठ्या पलटणीत तुमचा गुडघा दुखतो हे कुणाला कळलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पोरांना नावं ठेवता, वस्ताद, पण तुम्ही तरी कुणाला सांगितलंत?"

मेजर पोराकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"कपाट उघडलं तेव्हाच, साहेब. माझ्या ब्लँकेटला चार पदर! तशी घडी वस्तादच घालतात."

"मग बोलला का नाहीस मेल्या?" बहिणीनं त्याच्या दंडावर चापट मारली. ती रडत होती. "मी चार दिवस अन्नाला शिवले नाही!"

"ते स्वतः येऊन सांगतील वाटलं, ताई. त्यांनीच शिकवलंय आम्हाला, चूक झाली की कुणी विचारायची वाट बघायची नाही. मी सांगितलं असतं तर ते पकडले गेले असते. त्यांनी सांगितलं असतं तर..." त्यानं वस्तादांकडे पाहिलं. "मी फक्त वाट बघत होतो."

वस्तादांनी इतका वेळ कुणाच्याही नजरेला नजर दिली होती. आता ती खाली गेली.

"आधी इस्पितळ," वहिनी मेजरला म्हणाल्या. "चौकशी नंतर. अशा अवस्थेत कोठडीत टाकलंत तर माणूस हातचा जाईल."

मेजरनं मान हलवली आणि कोरा कागद पुढं केला. "जबाब मात्र आत्ता लागेल. त्याशिवाय पोराला सोडता येत नाही."

वस्ताद खुर्चीवर बसले. पेन उचललं, पण बोटांची थरथर थांबेना. कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. त्यांनी पेन पोरापुढं धरलं.

"तू लिही. मी सांगतो."

पोरानं बहिणीकडे पाहिलं. चार दिवस ज्या कागदासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, तो लिहिला जाताना तिला बघवेना. तिनं तोंड फिरवलं.

'गोळ्या माझ्या होत्या,' पोरानं लिहिलं आणि पेन थांबवलं.

"पुढं?"

"एवढं पुरे आहे, वस्ताद."

"पुरे नाही. लिही, माझा शिष्य पकडला गेला तेव्हा मी तिथंच उभा होतो, आणि गप्प राहिलो."

पोर हललं नाही.

वस्ताद टेबलाचा आधार घेत उठले. गुडघ्यातून कळ गेली ती सगळ्यांना दिसली. तरीही ते ताठ उभे राहिले आणि मैदानावर ज्या आवाजात हुकूम देत, त्याच आवाजात म्हणाले,

"लिही!"

पोरानं लिहिलं.