डाव्या कोपऱ्यातली पाखरं

खारवण्याच्या धक्क्यावरून लाँच सुटायच्या आधी ती चालवणाऱ्या तांडेलाला पाखरं मारावी लागत. खरी नव्हेत. तिकीटघराशेजारच्या खोलीत, पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसलं उभ्या पेटीचं यंत्र ठेवलेलं होतं. काळ्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची तांबडी पाखरं थव्यानं खाली उतरत. तळाशी आपली होडी, हाताशी एक दांडा आणि एक बटण. तीन थवे पाडले की तांडेलाचे डोळे आणि हात शाबूत आहेत असं यंत्र ठरवी आणि मगच लाँचचं इंजिन सुरू होई. जुन्या तपासणीला हेच तांडेल जांभया देत. आता वेळेआधी येऊन ते यंत्रापुढे गर्दी करत.

प्रणिता डोर्लेकर खेळांची परीक्षणं लिहून पोट भरत असे. हे यंत्र आणखी धक्क्यांवर बसवायचं घाटत होतं, म्हणून लाँच सोसायटीनं तिच्याकडून त्याचे गुणदोष लिहून मागितले होते. त्याच लाँचचा तांडेल, दामोदर डोर्लेकर, तिचा बाप होता. सोसायटीला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि प्रणितालाही माहेरी यायला निमित्त हवंच होतं.

आदल्या संध्याकाळी जेवताना तिला एक गंमत दिसली. आईनं बाबांचं ताट उलटं वाढलं होतं. मीठ, लिंबू, चटणी, सगळं उजवीकडे, भाजीला खेटून. आईला ताटातल्या जागांचं केवढं वेड! लहानपणी चटणी उजवीकडे वाढली म्हणून प्रणितानं बोलणी खाल्ली होती. तिनं विचारलं, तर आई हसून म्हणाली की हल्ली ते डावीकडचं काही खातच नाहीत, तसंच टाकतात, मग म्हटलं उजवीकडे वाढावं. बाबा मान खाली घालून जेवत राहिले आणि विषय तिथंच संपला.

सकाळी बाबांनी तिच्यादेखत तिन्ही थवे लीलया पाडले. "बघितलंस काय गो? तुझा बाप अजून म्हातारा नाय झाला," असं म्हणून ते लाँचकडे गेले. त्यांच्या खेळाची नोंद ठेवणारं, त्यांच्या नावाचं कार्ड यंत्रातच राहिलं. सगळेच तांडेल आपापलं कार्ड तिथं ठेवत, कारण खिशात ठेवलं की खाऱ्या पाण्यानं खराब होई. लाँच भरलेली होती. बाजाराला निघालेल्या बाया होत्या, शाळेची पोरं होती, दोन मोटारसायकली होत्या.

प्रणिता त्याच कार्डावर खेळायला बसली. खेळ सुरेख होता, हे तिला मान्य करावं लागलं. शिकवायला कुणी नको, पडद्यावर फालतू सजावट नाही, आणि चुकलो तर आपणच चुकलो हे लगेच कळतं. दोषही होते. दांडा अंमळ जड होता आणि तीच ती धून कान किटवत होती. शिवाय तिसऱ्या थव्यात डावी बाजू मेलेली होती. डाव्या कोपऱ्यातली पाखरं झेपच घेत नव्हती. तिथंच पंख हलवत थांबत आणि सावकाश मध्यावर सरकली की मग खाली येत. एवढ्या चांगल्या खेळात ही ढिलाई कशी राहिली म्हणून ती वैतागली.

खात्री करायला तिनं पाहुण्यांसाठीचं कोरं कार्ड घातलं. डाव्या कोपऱ्यातून पाखरू सरळ तिच्या होडीवर आदळलं. तिनं पुन्हा बाबांचं कार्ड घातलं. पाखरं थांबली.

असल्या खेळांत 'अनुकूलक' नावाची सोय असते हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. खेळणारा कुठं कमी पडतो हे यंत्र शिकत जातं आणि तिथं त्याला सांभाळून घेतं, म्हणजे तो हिरमुसून उठून जात नाही. या सोयीचं तिनं स्वतःच आपल्या लेखांतून कितीदा कौतुक केलं होतं. करमणुकीच्या खेळातली ती सोय कुणीतरी तपासणीच्या यंत्रातही तशीच चालू ठेवली होती. बाबांना डावीकडचं दिसत नव्हतं, आणि ते ज्याला कळलं होतं ते यंत्र रोज त्यांना पास करत होतं.

तिनं खिडकीतून पाहिलं. लाँच खाडीच्या मध्यावर पोचत होती. डाव्या हाताला खाडीचं मुख होतं आणि त्यातून मासळीनं भरलेला एक ट्रॉलर लिलावाच्या घाईत आत येत होता. लाँच वेग कमी करत नव्हती.

वायरलेस भिंतीला होता. त्यावर बोललेलं खाडीतल्या प्रत्येक होडीला ऐकू जाई. आता बोललं तर बाबा पुन्हा कधी तांडेल म्हणून उभे राहणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिचा हात क्षणभर अडखळला. त्या क्षणाची तिला पुढं फार लाज वाटली.

"बाबा, डावीकडे ट्रॉलर आहे."

"काय नाय गो. मोकळं आहे सगळं."

"नुसते डोळे नकोत. मान वळवा. पूर्ण मान वळवा, बाबा."

मग इंजिन उलटं फिरल्याचा घरघराट आला, बायकांची ओरड आली, आणि लाँच जागच्या जागी डुचमळली. ट्रॉलर लाँचच्या नाकासमोरून गेला. मोटारसायकली आडव्या झाल्या होत्या, माणसं सुखरूप होती. वायरलेसवर बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "मकबूल, सुकाणू घे." मकबूल त्यांचा जुना खलाशी होता. त्यानं काही न विचारता सुकाणू घेतलं.

डोळ्यांत काही बिघाड नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूला कधीतरी बारीकसा झटका येऊन गेला होता. अशा माणसाला डावी बाजू दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. आपण होऊन मान वळवायची सवय लावली तर पुष्कळ काही सांभाळता येईल. लाँच चालवणं मात्र बंद.

प्रणितानं अहवालात अनुकूलक बंद करा असं ठासून लिहिलं. पण यंत्राला दोष देताना तिचं मन खात होतं. ताट फिरलेलं तिनंही पाहिलं होतं आणि गंमत म्हणून सोडून दिलं होतं.

संध्याकाळी आई वाढायला बसली. चटणीचा चमचा तिच्या हातात तसाच राहिला. डोळे भरून आले होते.

"डावीकडेच वाढ," बाबा म्हणाले. त्यांनी सावकाश मान वळवली, चटणीची जागा पाहिली आणि बोट लावून चाखली. मग ते दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिले.

"मी वळवीन मान. पण एखाद्या दिवशी विसरलो, तर तुम्ही मला सांगाल, की पुन्हा ताट फिरवाल?"