बावटा शिवणार कोण?

श्रावणाची सर अंगावर आली म्हणून विनेश आमच्या पडवीत शिरला. शर्टाच्या आत काहीतरी लाल दडवलेलं. माझी लेक पूर्वी शिवणाच्या मशीनवर होती. तिने मान वर केली आणि... मशीन थांबलं. मी हाका मारून घसा फोडला तरी ते थांबत नाही. मी लसूण सोलायचा ठेवला.

"काय चोरलंस रे?" पूर्वी म्हणाली.

"होडीचा बावटा हाय. म्हंजे... व्हायचा हाय."

नारळी पुनवेला होडी पाण्यात जाण्याआधी तिला नवा बावटा लागतो. तो घरच्या बाईनेच शिवायचा, असा आमच्या कोळीवाड्याचा रिवाज. विनेशच्या घरात बाप, तो आणि एक मांजर.

"बाई न्हाय, तर मीच शिवतो. शिकव."

तिने चिंधी दिली. ह्याने बसल्याबरोबर पाय दाबला. घर्र! कापडाखाली दोऱ्याचा हा एवढा गुंता.

"जाळं विणतोस काय? वरचा दोरा, खालचा दोरा... दोन्ही सुईच्या मागं घे. टोकं बोटांत धर. पहिले चार टाके पडेस्तोवर सोडायची न्हाईत."

"आणि मग?"

"मग सोड. कापड आपलं आपण चालतं."

"मला सोडवत न्हाय."

"...दोरा ना?"

"दोराच."

रोज यायचा, रोज गुंता करायचा. भर वाऱ्यात ओल्या जाळ्याच्या गाठी सोडवणारा हा पोरगा, आणि ह्याला दोन दोरे धरता येईनात! मी काय आंधळी आहे? पण ह्याच्या तोंडून शब्द नाही. इकडे रविवारी पनवेलचे लोक पूर्वीला बघायला यायचे होते. मीच बोलावलेले. पूर्वीला विचारलं तर म्हणाली, "तो बोलतच न्हाय आई, तर मी कुणाच्या जिवावर नको म्हणू?"

पुनवेच्या आदल्या दिवशी विनेश आला. लाल कापड होतं तसंच.

"जमत न्हाय मला," तो म्हणाला.

"खोटारडा! काल चिंधीवर सरळ शिवण घातलीस. मी बघितली."

त्याने लाल कापड तिच्यापुढे सरकवलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"तू शिव ना, पूर्वी..."

"घरच्या बाईने शिवायचा ना? मी कोण तुझी?"

"...तेच विचारतोय."

अगं बाई! एवढ्यासाठी पोराने अर्धा श्रावण घालवला. आमच्या वेळी तेवढ्यात लग्नाचा मांडव पडून उतरलाही होता.

पूर्वीने कापड ओढलं, सुईखाली सारलं, पाय दाबला. घर्र! खाली गुंता. शिकवणारीच टोकं धरायला विसरली. कान लाललाल.

"मी धरू?" विनेशने हळूच विचारलं.

तिने गुंता कापला आणि स्टुलावर जराशी सरकली. मागून त्याने टोकं धरली, पुढून तिने कापड. चार टाके पडले, मग दहा... ह्याची बोटं तिथेच.

"आता सोड की."

"तू हो म्हण."

"हो बाबा, हो! सोड, शिवण वाकडी जाईल."

मी खाकरले. दोघं कोळंबीसारखी उडाली.

"काकी, मी..."

"तू चहा घे. पूर्वे, फोन दे इकडं. पनवेलवाल्यांना येऊ नका म्हणते."

पूर्वीने मशीनवर कपाळ टेकलं आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरं सांगते, मलाही मोकळं वाटलं. पनवेलला ताजी मासळी कुठली मिळायची?

"काकी, म्हंजे तुमची परवानगी हाय?"

"परवानगी मग विचार. आधी तिला शिवू दे. उद्या तुझी होडी काय बोडक्या डोक्यानं जाणार?"