एकाच नावाची दोन जहाजं

खिडकी उघडीच राहू द्या. थंडी वाजत असेल तर शाल देतो, पण खिडकी बंद करू नका. तुमच्यासाठीच सांगतोय.

मी गोदीत रंगारी होतो. रंगारी तिथे पुष्कळ, पण जहाजावर नाव घालायचं काम माझ्याकडे होतं. नौदलात नावांचा कारभार एखाद्या मोठ्या खानदानासारखा चालतो. छोट्या गस्ती जहाजांना बेटांची नावं, पाणबुड्यांना माशांची, मोठ्या लढाऊ जहाजांना नद्यांची. जहाज म्हातारं झालं की निवृत्त होतं, नाव मात्र होत नाही. आजोबांचं नाव नातवाला द्यावं तसं ते पुढे नव्या जहाजाला मिळतं. यात एक रीत होती. जुन्या जहाजावरचं नाव आधी उतरवायचं, मगच नव्यावर चढवायचं. उतरवायचं म्हणजे वेल्डिंगने बसवलेली लोखंडी अक्षरं घासून सपाट करायची आणि वरून करड्या रंगाचा हात फिरवायचा. असं का करायचं, हे कोणी विचारत नसे. जेवायच्या आधी हात का धुवायचे, हे तरी कोण विचारतं?

ज्या जहाजाची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी घेणार नाही. बातम्यांत ते येईल म्हणून मी रेडिओसुद्धा बंद ठेवतो. नदीचं नाव आहे, एवढं पुरे.

मला घाण सहन होत नाही. म्हणजे होत नसे. दूध तापवायच्या आधी मी हुंगायचो, दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचो नाही, लग्नाच्या पंगतीत पाण्याचा पेला उजेडात धरून बघायचो. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही माणूस आहात की मांजर?" धाकट्या भावाला तर चेष्टेला तेवढाच विषय होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला न्हाऊमाखू मी घातलं, नाक मी पुसलं, बाकीचंही सगळं मीच केलं. जगात एकाच माणसाची घाण मला कधी घाण वाटली नाही, ती त्याची. पुढे तो नौदलात स्वयंपाकी झाला आणि माझ्याहून चांगला स्वयंपाक करायला लागला.

त्या वर्षी नवं जहाज तयार झालं. बँड वाजला, भाषणं झाली, एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोने नाव जाहीर केलं. अक्षरं मी रंगवली होती. धाकट्याची नेमणूक त्याच जहाजावर झाली, म्हणून मी नेहमीपेक्षा जरा जास्तच जीव ओतला होता.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, जरा येऊन जा. तुझ्या नाकाचं काम आहे."

मी सकाळीच गेलो. जहाजाचं स्वयंपाकघर आरशासारखं लखलखत होतं. ओटे नवे, भिंती पांढऱ्याशुभ्र, भांड्यांवरची कागदी लेबलंसुद्धा निघायची होती. धाकट्याने नळाखाली पांढरं पातेलं धरलं. पाणी आधी स्वच्छ आलं, मग पिवळट, मग तपकिरी. मग नळ गुरगुरला आणि त्यातून शेंबडासारखं काहीतरी लोंबायला लागलं. तुटेना. पातेल्यात पडलं तेव्हा त्यातून एक कबुतराचं पीस वर आलं. आणि तो वास. फुलदाणीत महिनाभर सडलेलं पाणी असतं ना, त्यात मासळी मेलेली असावी, तसा. मी तोंडावर रुमाल दाबला.

"टाकी धुवून घेतली?"

"दोनदा. माणूस आत उतरवून. टाकी कोरी आहे, दादा. घाण नळातच येते. कालच्या भातात पिसं निघाली. सकाळी अंडं फोडलं तर आत काळा चिखल होता. निम्म्या पोरांना जुलाब लागलेत. साहेब म्हणतात, नव्या जहाजाला असं होतंच."

त्याचे डोळे खोल गेले होते. बोलता बोलता त्याने बेसिनमध्ये थुंकलं, ते तपकिरी होतं. माझ्या नजरेला ते पडलं, हे त्याने बघितलं आणि नळ सोडून ते वाहवून टाकलं.

मग त्याने मला अगदी खाली, तळाशी असलेल्या कोठारात नेलं. धान्याची पोती बाजूला सारून तो म्हणाला, "इथे अंगठा लाव."

भिंतीच्या त्या बाजूला समुद्र होता. चांगलं जाड, नवं पोलाद. मी अंगठा लावला आणि तो आत गेला. पिकून उतरलेल्या फळात जावा तसा. काढला तेव्हा भोकातून कोमट, बुळबुळीत पाणी ओघळलं आणि खळगा सावकाश भरून आला.

"इंजिनियर येतो तेव्हा काही दिसत नाही," धाकटा म्हणाला. "ठोकून बघतो, ठण्ण वाजतं. मला वेड्यात काढतात. सोमवारी निघायचंय, दादा. खोल समुद्रात."

"आजारी पड. सुट्टी घे."

"आणि बाकीची पोरं? त्यांना जेवायला कोण घालणार?"

मी अंगठा पुसायला रुमाल काढला, तर नखाला रंगाचा पापुद्रा चिकटलेला. रंग मला कळतो. वर करडा, खाली फिकट हिरवा, त्याखाली पिवळट. ह्या जहाजात आतून पांढऱ्याशिवाय दुसरा रंगच नव्हता. हे थर मीच चढवले होते, उमेदवारीच्या दिवसांत, पण जुन्या जहाजात. ह्याच नावाच्या.

घरी न जाता मी फोरमनला गाठलं. "जुन्याचं नाव उतरवलं का?"

"भंगारवाल्यांनी उतरवलं असेल."

भंगारवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, ते तुम्हीच गोदीत उतरवून पाठवलं असणार. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं होतं. नवं नाव रंगवताना मीही विचारलं नव्हतं. फोरमन हसला. "अरे, कागदावर ते जहाज केव्हाच संपलंय. उगाच डोकं खाऊ नकोस." मी बॅटरीवरचा ग्राइंडर, दोर आणि करड्या रंगाचा डबा उचलला आणि सरळ खाडीची बस पकडली.

भर दुपार होती. ओहोटी लागलेली. गाळात ते धूड कलंडून पडलं होतं, कित्येक वर्षं तसंच, तुकडे करायचा मुहूर्त लागत नव्हता म्हणून. कडांवर कबुतरांच्या विष्ठेचे ढीग, पोटाला शेवाळ, आणि ज्या भोकांतून गाळ आत-बाहेर करत होता ती भोकं. बुडायचं राहिलं होतं ते चिखलात बसल्यामुळे. मागच्या बाजूचं नाव मात्र लांबूनही वाचता येत होतं.

तिथला राखणदार त्या धुडाच्या सावलीत डबा खात बसला होता. मला ते बघूनच कसंतरी झालं.

"इथे बसून जेवता? वास नाही येत?"

"पूर्वी लई घाण यायची, साहेब. आता छान येतो." तो चावत चावत म्हणाला. "पावाचा. ताज्या पावाचा."

मागच्या बाजूला लटकायचं तर वर चढून आतूनच जावं लागणार होतं. मी रुमाल बांधून आत शिरलो आणि चार पावलांवर रुमाल सोडला, कारण खरंच पावाचा वास होता. नुकता भट्टीतून काढलेला, वर लोणी लावलेला. बाहेरून ते सडकं धूड आणि आत हा वास. तुम्हाला सांगतो, नळातल्या त्या लाळेने झाली नव्हती इतकी शिसारी मला त्या चांगल्या वासाने आली.

वाटेत स्वयंपाकघर लागलं. भिंती पांढऱ्याशुभ्र. ओटे लखलखीत. किटलीला हात लावला तर गरम. खुंटीला धाकट्याचा एप्रन, खिशापाशी जळलेला. तो मी सकाळी त्याच्या अंगावर बघितला होता.

खालून, कोठाराच्या बाजूने, कोणीतरी शीळ घालत होतं. भाजी चिरताना धाकटा घालतो ती शीळ. मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. शीळ थांबली.

"दादा..."

मी जिन्याचा कठडा धरला.

"दादा, जरा येऊन जा..."

एक पाय मी खाली टाकलाही होता. पण नाक सवयीने आपलं काम करत होतं. धाकट्याच्या अंगाला कांद्याचा, घामाचा, साबणाचा एक मिसळून वास येतो. डोळे बांधून हजार माणसांत उभं केलंत तरी मी तो ओळखेन. खालून फक्त पाव आणि लोणी येत होतं. त्या आवाजाच्या मागे माणसाचा वासच नव्हता.

मी वळलो आणि मागच्या डेकवर पळालो. दोर बांधला, खाली लटकलो आणि ग्राइंडर पहिल्या अक्षराला लावला. ठिणग्या उडायला हव्या होत्या. उडालं ते पाणी. अक्षर गळू फुटावं तसं फुटलं आणि आतलं तपकिरी, कोमट, चिकट सगळं माझ्या तोंडावर आलं. ओठ मिटायच्या आत घोटभर पोटात गेलं. खारट, गोडसर, पिसं असलेलं. ओकायचा प्रयत्न केला, पण बाहेर काही पडेना, जणू आत गेलेल्याला जागा आवडली होती. दोन्ही हात गुंतलेले. पुसणार कशाने? मी डोळे मिटले आणि दुसरं अक्षर घेतलं. मग पुढचं. प्रत्येक अक्षर तसंच फुटलं. वर आत कोणीतरी पत्र्यावर तळहात आपटत होतं आणि "दादा, दादा" म्हणत होतं. शेवटी शेवटी ते रडायला लागलं, धाकटा लहानपणी अंघोळीला रडायचा तसं.

शेवटचं अक्षर सपाट झालं आणि सगळं गप्प झालं. मी करडा रंग फासला. दोरावरून खाली उतरलो, तर राखणदार डबा टाकून चिखलात ओकत होता. "काय घाण सुटली हो एकदम..." असं म्हणत होता. मला घाण येत नव्हती. तेव्हा वाटलं, रंगाने नाक बधिर झालं असेल.

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. "दादा, पाणी स्वच्छ झालं. काचेसारखं. खालची भिंतही घट्ट आहे, मी लाथ मारून बघितली." आवाज खणखणीत होता. सोमवारी जहाज गेलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

नाक पुन्हा चाललं नाही. दूध नासलं तरी कळेना. सकाळी चूळ भरली की बेसिन गंजाने रंगायचं, मी बायको उठायच्या आत घासून ठेवायचो. पावसाळ्यापर्यंत ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागली, मग बहिणीकडे राहायला गेली. कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदा उशीच्या अभ्र्यात पीस मिळालं. उशी कापसाची होती.

धाकटा परतला तो गालांवर बाळसं घेऊन. दारातच त्याने मला मिठी मारली आणि मिठी मारल्यामारल्या त्याचं अंग ताठ झालं. खुर्चीवर बसला. इकडेतिकडे बघितलं.

"दादा, घरात कसला वास येतोय?"

"मला तर काही येत नाही."

मी दिलेलं पाणी त्याने हातात धरून ठेवलं, उजेडात बघितलं आणि खाली ठेवलं. मग, काहीतरी आठवल्यासारखा, पुढे झाला आणि माझ्या मनगटाच्या वर अंगठा टेकवला. हळूच दाबला. झटकन मागे घेतला. मी खाली बघितलं. खळगा सावकाश भरून येत होता. अंगठ्याला लागलेलं त्याने माझ्यापासून लपवून विजारीला पुसलं.

"आलोच," म्हणाला आणि मोरीत गेला. नळ खूप वेळ वाहत होता. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, दोनदा साबण लावून हात धुवायचे, हे मीच त्याला शिकवलं होतं.

नळ बंद झाला. तो बाहेर आला नाही. दाराआड नुसता उभा होता. मग तिथूनच, अगदी हलक्या आवाजात, त्याने त्या जहाजाचं नाव घेतलं.

आणि मी ओ दिली.