लोखंडावरचं नाव

दुपारी मासे संपले तसं अगोसूने दुकान बंद केलं, बर्फाची पेटी धुऊन उपडी घातली आणि बायकोला सांगितलं, "सीमेकडे जाऊन येतो. उशीर झाला तर जेवून घे." फिफामेने कुठे, कशाला, काही विचारलं नाही. साध्या प्रश्नालाही तो हल्ली अंगावर धावून जायचा.

त्याच्या रागाला कारण होतं. पोर्तो-नोव्हो शहराच्या रस्त्यांवर त्याने अर्धं आयुष्य पिवळा सदरा घालून मोटरसायकलवरून सवाऱ्या वाहिल्या होत्या. कंबर धरायला लागली तेव्हा सीमेजवळच्या गांदोनू नावाच्या माणसाला त्याने गाडी विकली, सदराही देऊन टाकला आणि गोठवलेल्या माशांचं दुकान थाटलं. त्यानंतर तो कुठल्याच मोटरसायकलवर बसला नव्हता. पण पावसाळ्यापासून बाजारातल्या बाया त्याला थांबवून आशीर्वाद द्यायला लागल्या. काल संध्याकाळी सीमेवरून पोत्यांसकट घरी सोडलंस, किती हळू चालवतोस, देव तुझं भलं करो! संध्याकाळी अगोसू दुकानात असायचा. तो म्हणायचा, मी नव्हतो. बाया हसायच्या.

मग एकदा गिऱ्हाईकासमोर मासे तोडताना त्याच्या उजव्या पोटरीला चर्रकन चटका बसला. पाहतो तो कातडी फुगून वर आलेली. तापलेल्या सायलेन्सरचा तो डाग त्याला न ओळखता येईल असं कसं होईल? त्या दिवशी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला चेहरा लावून कोणीतरी आपलं आयुष्य वापरतंय आणि चटके मात्र आपल्याला, हे त्याला सहन होईना.

शेअर टॅक्सीने तो सीमेजवळच्या गावात उतरला. रस्त्याकडेला चोरट्या पेट्रोलच्या काचेच्या बरण्या उन्हात चमकत होत्या आणि त्या वासाने डोकं जड होत होतं. गांदोनूचं घर शेवटचं. अगोसूने नमस्कारही केला नाही, सरळ त्याची गचांडी धरली.

"माझ्या नावावर कोण फिरतंय? बोल!"

गांदोनू वयाने मोठा होता, पण त्याने एका हिसक्यात गळा सोडवला आणि आंब्याच्या झाडाकडे बोट केलं. तिथे गाडी उभी होती. दोन्ही चाकं बसलेली. आऱ्यांमधून वेल चढला होता आणि त्याला फुलं आली होती.

"मी ती कधी चालवलीच नाही," गांदोनू दातओठ खात म्हणाला. "रोज दिवे लागायच्या वेळी तूच येतोस आणि घेऊन जातोस. पहाटे आणून लावतोस. माझी बायको घाबरून माहेरी गेली. आणि तू मलाच विचारतोस?"

अगोसूने सायलेन्सरला हात लावून पाहिला. गरम होता. वेल मात्र कुठेही तुटलेला नव्हता.

गांदोनू लोहारांच्या घरातला. त्याने विचारलं, "विकताना लोखंड सोडवलं होतंस का?"

नवी गाडी घेतली की इंजिनावर कोंबड्याचं रक्त आणि पामतेल घालून लोहार लोखंडाच्या देवाला मालकाचं नाव सांगतो. विकताना ते नाव पाण्याने उतरवून घ्यायचं असतं. अगोसू तोवर बायकोच्या चर्चमध्ये जाऊ लागला होता. लोखंड म्हणजे लोखंड, असं म्हणून त्याने तो विधी उडवून लावला होता.

"मी चर्चला जातो," तो म्हणाला.

"तू जातोस. गाडी नाही जात." गांदोनू घरातून पाण्याचा कटोरा घेऊन आला. त्याचा आवाज खाली आला होता. "अजून उजेड आहे. इथे हात ठेव, हे माझं नाही म्हण, आणि मागे न बघता चालता हो. पण मनातून सोडलंस तरच सुटेल. राग धरून सोडता येत नाही."

एवढंच करायचं होतं. पण ज्याने आपलं तोंड चोरलं त्याला तसंच जाऊ द्यायचं, हे अगोसूच्या घशाखाली उतरेना.

"आधी त्याचे दात पाडतो," तो म्हणाला. अंगणात पडलेली पहार उचलून तो झाडाला टेकून बसला. गांदोनू कटोरा तिथेच ठेवून आत गेला. त्याने दाराला कडी घातली.

ऊन उतरलं. कोंबड्या गप्प झाल्या. पेट्रोलचा वास दाट झाला आणि त्यात धुतलेल्या कपड्यांचा वास मिसळला... फाटकातून एक माणूस आत आला. विटका पिवळा सदरा. चेहरा अगोसूचाच, पण लग्नाच्या वेळचा असावा तसा, कपाळावर एकही आठी नसलेला.

अगोसूने सगळा जोर लावून पहार हाणली. ती हवेतून गेली आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या खांद्यातून कळ निघाली. तो कोसळला. त्या माणसाने वाटेत पडलेल्या दारुड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं, थोड्या कणवेने. मग गाडीला किक मारली. चाकं भरत गेल्याचा फुस्स आवाज झाला.

दार किलकिलं करून गांदोनू पुटपुटला, "रोज डावीकडे वळतो, सीमेवर सवाऱ्या घ्यायला... आज उजवीकडे गेला. शहराकडे."

अगोसू खांदा धरून रस्त्याकडे पळत सुटला. फोनला रेंज हमरस्त्यावरच मिळाली. तोवर पुरता अंधार पडला होता. बराच वेळ घंटी वाजल्यावर फिफामेने फोन उचलला. ती हसत होती. असं हसू त्याने किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

"दार लाव! कोणाला आत घेऊ नकोस, ऐकतेस का?" तो ओरडला.

तिचं हसू थांबलं. "कोण बोलतंय?"

"अगं मी! अगोसू!"

पलीकडे कोणीतरी हातावर पाणी घेत होतं. तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा. तिचा आवाज दबका झाला.

"अहो... कोणीतरी माणूस आहे. आवाज अगदी तुमचाच, पण केवढा संतापलेला."

फोन हळूच तिच्या हातातून काढून घेतला गेला. अगोसूला स्वतःचा श्वास ऐकू आला, संथ, रोजची कामं उरकून घरी आलेल्या माणसाचा.

"ठेवतो," तो आवाज अदबीने म्हणाला. "आमची जेवायची वेळ झाली."