धुण्याच्या दगडाखाली

त्या उन्हाळ्यात येलहंकाच्या जुन्या वस्तीत पाण्याची बोंब झाली. टँकरवाले फोन उचलेनासे झाले. वीणा व्हाइटफील्डहून दर शनिवारी गाडीत पाण्याचे कॅन घालून आईकडे यायची, आणि दर शनिवारी तोच वाद व्हायचा.

"अम्मा, माझ्याकडे राहायला चल."

"हे घर सोडून मी कुठं येत नाही," तुंगाबाई म्हणायच्या. विषय तिथंच संपायचा.

तुंगाबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या. नवरा नरसिंहराव, पेठेतले कापडाचे व्यापारी, जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईंचं बोलणं मोजकं. आईनं कधी जवळ घेतल्याचं वीणाला आठवत नव्हतं. आठवायची ती संध्याकाळची हाक. दिवेलागणीला तुंगाबाई परसात धुण्याच्या दगडापाशी उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "वीणा, ये गं वर!" अंगणात खेळणारी वीणा सगळं टाकून धावत यायची. तिला पाहिलं की आईचा चेहरा पडायचा.

"तू होय," म्हणून त्या आत निघून जायच्या.

आपलं काय चुकतं, हे वीणाला लहानपणी कळलं नाही. पन्नाशीला आली तरी कळलं नव्हतं.

शेवटी तिनं परसात बोअर मारायचं ठरवलं आणि पाणी बघून देणाऱ्या बोअरवाल्या शिवाप्पाला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो परसभर फिरला. धुण्याच्या दगडापाशी नारळ उभा राहिला. शिवाप्पानं पहारीनं दगडावर ठोकून पाहिलं.

"पोकळ लागतंय, अक्का. खाली जुना बोअर असणार."

तुंगाबाई देवळात गेल्या होत्या. त्या यायच्या आत काम उरकावं म्हणून वीणानं दगड हलवायला सांगितला. खाली काळं, गोल तोंड उघडं पडलं. भर उन्हात त्यातून गार वारा येत होता. शिवाप्पानं खडा टाकला. दोघं कान देऊन थांबली. खडा पडल्याचा आवाज काही आला नाही.

"तो भरलेला आहे," मागून तुंगाबाई म्हणाल्या.

त्या कधी आल्या ते कळलंच नव्हतं. त्या पायरीवर बसल्या. ओरडतील, असं वीणाला वाटलं होतं. पण त्या भाजी निवडताना बोलावं तशा बोलू लागल्या.

"तुझ्याआधी एक होती. तीन वर्षांची. बोअर नवा मारला होता, तोंडावर नुसतं पोतं टाकलेलं. मी कपडे वाळत घालत होते. वळले तर नाही."

वीणा आईशेजारी बसली.

"माणसं आली, दोर टाकले, शेजारी खणलं. आतून रडणं ऐकू यायचं. मग सगळे म्हणाले, आवाज थांबला. तुझ्या अप्पांनी वाळू आणि दगड आणून भरून घेतला." तुंगाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मला येत होता आवाज. भरतानाही येत होता. कुणी ऐकलं नाही माझं."

"नाव काय होतं तिचं?"

तुंगाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"वीणा. वर्षानं तू झालीस. अप्पा म्हणाले, हेच नाव ठेवू, हाक मारायची सवय झालीय."

वीणाला एकेक संध्याकाळ आठवत होती. आपण उगीच धावत येत होतो.

शिवाप्पा कन्नड बोलणारा; मायलेकींचं मराठी त्याला कळलं नव्हतं. जुने बोअर तपासायला तो तारेला बांधलेला, दिवा लावलेला छोटा कॅमेरा वापरायचा. "सोडू का आत?" त्यानं विचारलं.

वीणा नको म्हणणार होती.

"सोड," तुंगाबाई म्हणाल्या. "मला बघायचंय."

कॅमेरा उतरू लागला. शिवाप्पाच्या हातातल्या पडद्यावर करड्या खडकाची गोल भिंत सरकत होती. ना वाळू, ना दगड. तार संपत आली तरी तळ नव्हता. मग तार सैल पडली, आणि पडदा लाल झाला.

कॅमेरा बिघडला, असं शिवाप्पाला वाटलं. वीणानं वाकून पाहिलं. लाल उजेडात चार काळपट रेघा होत्या. लहान मूल विजेरीवर पंजा धरतं तेव्हा बोटांतून असाच उजेड दिसतो.

बोटं हलली.

शिवाप्पानं तार भराभर वर ओढली, सामान टेंपोत टाकलं आणि तो निघून गेला.

तुंगाबाई बोअरपाशी गुडघ्यांवर बसल्या.

"वीणा, ये गं वर."

"आले अम्मा." वीणाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

खालून बारीक आवाज आला. "आले गं अम्मा."

प्रतिध्वनी, वीणानं स्वतःला समजावलं. पण तिनं 'गं' म्हटलं नव्हतं.

एकटीला दगड हलेना. तिनं तोंडावर जड फळी टाकली, वर विटा रचल्या. आईला गाडीत बसवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. सकाळी माणसं आणून बोअर बंद करायचा आणि आईजवळच राहायचं, असं ठरवून वीणा कपडे आणायला व्हाइटफील्डला गेली.

सकाळी परतताना महादेवपुऱ्याच्या गर्दीत गाडी अडकली. तिनं फोन लावला. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"अम्मा, पाणी आलं?"

"कोण बोलतंय?" तुंगाबाईंचा आवाज मऊ होता. असा आवाज वीणानं कधी ऐकला नव्हता.

"मी वीणा."

तुंगाबाई हलकेच हसल्या. "वीणा तर ही इथं बसलीय. तिचे केस धुतेय. किती पाणी घातलं तरी वाळू निघेना बघा."

"अम्मा, मी अर्ध्या तासात येते. दार उघडं ठेव."

"कोण गं अम्मा?" फोनजवळच एका लहान मुलीनं विचारलं.

"कुणी नाही, बाळा," तुंगाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.