दुवाची बांगडी

राहात्याच्या पेठेत शमशादबी मणियारनीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. हात मात्र लोण्याचा. कसलाही निबर पंजा असो, अंगठ्याचं हाड दाबून ती बांगडी अशी चढवी की बाईचं बोलणं तुटत नसे.

लढाई संपली, तिचा लेक अलीम पलटणीत बिनतारीचं काम शिकून घरी आला आणि ओसरीवर व्हॉल्व्ह, तारा मांडून रेडिओ जोडायला बसला. शमशादबीनं गावभर सांगून ठेवलं, की लेकीच्या, मेहताबच्या, हातात लग्नाचा चुडा भरायच्या दिवशी आमच्या घरचं यंत्र गाणार. ते ऐकायला कोपरगावचे व्याही पीरमहंमद येणार होते. आता यंत्र गायलं नाही, तर नाक जाणार ते तिचंच.

आणि नेमकं त्या सकाळपासून यंत्र टक्‌टक् करत होतं. मधेच काच किणकिणे.

"काटा कुठंबी फिरव, तेच," अलीम म्हणाला. "खरं स्टेशन एका जागी लागतं. हा खोटा सिग्नल हाय, अम्मा. न्हाईतर शेजारचं एखादं इंजिन."

"इंजिनाचं मी बघते. तू तुझं डबडं बघ."

पदर खोचून ती गल्लीत उतरली. गिरणी थांबवली. तेवढ्यानं भागेना, म्हणून कल्हईवाल्या पुंजारामपुढं उभी राहिली.

"भाता बंद कर."

"भाभी, भात्याला काय वीज लागती व्हय?"

"तुझ्या जिभेला तरी कुठं लागती? तरी चालतीच की दिवसभर."

पुंजारामनं हसत भाता सोडला. गल्ली गप्प झाली. यंत्रात टक्‌टक् चालूच.

अलीमनं छपरावर गेलेली तार काढून टाकली. खरखर, शिट्ट्या सगळं गेलं. टक्‌टक् राहिली, उलट जास्त स्वच्छ.

"म्हंजी आतलंच हाय," तो खूश होऊन म्हणाला आणि पेचकस घेऊन सेटमागं वाकला.

तेवढ्यात दाराशी टांगा आला. घर पाहुण्यांनी भरलं, गुलगुल्यांचा वास सुटला. शमशादबीनं आतल्या खोलीत मेहताबचे दोन्ही हात हिरव्याजर्द बांगड्यांनी भरले. वर एक दुवाची, आशीर्वादाची, बांगडी राहिली होती. नवरीनं डोळे मिटायचे आणि भरणारीनं मागून येऊन ती चढवायची, ही तिच्या सासूनं, बडीबीनं, घालून दिलेली रीत. पण व्याही ओसरीवर खोळंबलेले.

"बस तशीच," ती लेकीला म्हणाली. "व्याह्यांना पानी देऊन आलेच."

ओसरीवर माणसं दाटीनं बसली होती. यंत्र टक्‌टक् करी, काच वाजे. मग त्यातून बायकांचं हसणं आलं, भरल्या घरातलं, एकावर एक. पाठोपाठ कुणी म्हातारी गुणगुणू लागली.

पीरमहंमदची मान डोलू लागली. "वा, विहीनबाई. कंचं स्टेशन म्हनायचं हे?"

"आमच्या घरचंच," शमशादबी ऐटीत म्हणाली.

ओसरी खदखदून हसली. मुक्ता शेजारणीनं तर कानशिलावर बोटं मोडली. शमशादबीचा ऊर भरून आला. ती अलीमजवळ सरकली.

"गुनाचं लेकरू माझं. राखलीस अब्रू."

अलीम हसला नाही. त्यानं मूठ उघडली. बॅटरीच्या दोन्ही तारा त्याच्या हातात होत्या.

"अम्मा, म्या ह्या मगाशीच सोडल्या."

ती नीट ऐकू लागली.

टक्. टक्. ही जीभ टाळूला लागत होती. बांगडी भरताना अवघड हात आला की बडीबी अशीच टक्‌टक् करायची, बुजलेल्या वासराला चुचकारल्यागत. पाच उन्हाळे झाले तिला जाऊन.

काच एकदाच वाजली आणि सेट गप्प झाला.

पाहुणे वाहवा करत होते. शमशादबी उठून आत गेली.

मेहताब एकटीच होती, हात उजेडात धरून हसत. उजव्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या वर, एक जांभळी बांगडी. जाड, जुन्या काचेची. शमशादबीच्या एकाही पेटीत तसली नव्हती.

"ही कुनी भरली?"

"तूच की, अम्मा. आत्ता मागनं येऊन. म्या डोळे मिटूनच बसले हुते." मेहताबनं लाडानं मनगट चोळलं. "पन हात तरी शेकून यायचं. किती गार हुता."